एका भाषेचं घर

रविवारी सकाळी सुधीरभावजींची मारुती तारनाक्याच्या घरासमोर थांबली, तेव्हाच वैशालीच्या लक्षात आलं की अविनाशने भावाला सगळं सांगून टाकलं आहे. दिलसुखनगरच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासला रविवारीच पोरांची रीघ लागते. अमेरिकेला जायच्या घाईत असलेली ती पोरं सोडून थोरले दीर सकाळी दहाला जाऊबाईंना घेऊन येतात, ते काही नुसते धपाटे खायला नाही.

तिने ओट्यावरून मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"फोन केलात ना?"

"भावापासून लपवायचं आहे का?" अविनाश पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"लपवायचं नाही. पण मामंजींना आज मी सांगणार होते. माझ्या तोंडाने."

"कोणी सांगितलं तरी तेच ना?"

"तेच नाही," ती म्हणाली आणि तव्यावरचा धपाटा उलटला.

ओमकार फ्रिजपाशी फरशीला कान लावून पडला होता. मोटर सुरू झाली की आडवा व्हायचा, बंद पडली की उठून बसायचा. सव्वापाच वर्षांचं पोर, पण त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या जाणकाराने तंबोरा जुळताना ऐकावा तसं समाधान असे. भावजी त्याला ओलांडून आत आले. रंजनाजाऊबाई वळसा घालून आल्या. त्यांच्या हातात खुबानी का मीठाचा डबा होता. या घरात गेली दोन वर्षं त्याला 'जर्दाळूचं गोड' म्हणायचं, असा दंडक होता, आणि जाऊबाईंनी डबा सासूबाईंच्या, आत्याबाईंच्या, हाती देताना तेवढं न चुकता म्हटलंही.

दंडक मामंजींचा, हिम्मतरावांचा. ओमकार तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा त्याला एका नावाजलेल्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं होतं. त्यांनी मुलाचे कान तपासले, घसा पाहिला आणि विचारलं, "घरी भाषा किती?" हिम्मतरावांनी बोटं मोजली. आपसात मराठी. कामवाल्या यादम्माशी आणि भाजीवाल्याशी तेलुगू. मित्रमंडळींशी उर्दू. टीव्हीवर आणि आई-बापाच्या तोंडी इंग्रजी. डॉक्टर हसले. म्हणाले, चार भाषांत पोर गोंधळलंय, एकच ठेवा, आपोआप बोलेल. दोन मिनिटांचं काम. पण हिम्मतरावांची चौतीस वर्षं सिकंदराबादच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात गेली होती. तोंडी मिळालेला हुकूम लगेच वहीत उतरवायचा आणि मग त्याला सूर्य पश्चिमेला उगवला तरी धक्का लावायचा नाही, ही त्यांची रीत. त्याच संध्याकाळी फर्मान निघालं: या उंबऱ्याच्या आत मराठीच.

यादम्माला मराठी येईना. आठ वर्षं कामाला असलेली बाई, तिला काढलं. आणि हिम्मतरावांनी स्वतःवर जो निर्बंध घातला, तो तर वैशालीला पाहवत नसे. उदगीरच्या शाळेत निजामाच्या काळात ते उर्दूत शिकले. त्यांचे पाढे उर्दूत, शिव्या उर्दूत, दुखलंखुपलं तर कण्हणंही उर्दूत. रोज संध्याकाळी त्यांचे जुने सोबती गौस साहेब व्हरांड्यात येऊन बसायचे. त्यांना त्यांनी हात जोडून सांगितलं की नातू बोलेपर्यंत येऊ नका. तेव्हापासून म्हातारा माणूस व्हरांड्यात एकटा बसून असे. बोलताना मध्येच थांबे, ओठांवर आलेला शब्द गिळे आणि त्याच्या जागी मराठी शब्द शोधत राही. कधी तो सापडे, कधी वाक्यच सोडून देई.

आणि ओमकार बोलला नव्हता.

*

सगळे बैठकीत बसल्यावर भावजींनी खिशातून पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं.

"गुरुवारची तिकिटं. वैशाली, तू आणि ओमकार. पहाटे पुण्याला उतराल, तुझे बाबा न्यायला येतील ना?"

"कशासाठी?" वैशाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"नानांचं आणि माझं बोलणं झालंय. इथं कितीही पाळलं तरी शेजारचा टीव्ही आहे, रस्त्यावरचा फेरीवाला आहे. पोराच्या कानावर चार गोष्टी पडणारच. पुण्यात तुझ्या आईकडे सदाशिव पेठेत तेलुगू कुठून येणार? दोन वर्षं राहा. अविनाश येऊन जाऊन करेल."

"भावजी, शुक्रवारी डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तुम्हाला कळलं आहे ना?"

"कळलं. काहीतरी नवीन नाव दिलंय." ते हिम्मतरावांकडे वळले. "नाना, मी रोज दोनशे पोरांना मशीनची भाषा शिकवतो. मशीनला सुद्धा दोन भाषा एकत्र दिल्या तर ते बंद पडतं. हे तर लेकरू आहे."

"मशीन नाही ते," आत्याबाई म्हणाल्या. त्या सहसा पुरुषांच्या बोलण्यात पडत नसत. म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या लगेच पदराशी चाळा करू लागल्या.

हिम्मतरावांनी हात वर केला. "सूनबाई. नाव काय म्हणाली डॉक्टरीण?"

"ऑटिझम, मामंजी."

"म्हणजे काय? आम्हाला कळंल असं सांग. पुस्तकातलं नको."

वैशालीने सात महिने पुस्तकातलंच वाचलं होतं. पुण्याच्या मैत्रिणीने पाठवलेल्या झेरॉक्स प्रती गादीखाली होत्या, शब्दकोश काढून काढून तिने त्या वाचल्या होत्या. पण आता तिला त्यातलं एक वाक्य आठवेना. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तासाला बाई म्हणायच्या, आधी बघा, मग चित्र काढा, नाव सर्वांत शेवटी लिहा. तिने फ्रिजपाशी पडलेल्या मुलाकडे पाहिलं आणि जे दिसत होतं तिथून सुरुवात केली.

"मामंजी, आत्ता इथे पंखा चालू आहे. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करतंय. आत दूध तापतंय, त्याचा आवाज येतोय. तुम्हाला यातलं काय ऐकू येतं?"

"तू बोलतेस ते."

"बाकीचं आपण न ठरवता बाजूला सारतो. त्याला ते सारता येत नाही. त्याला सगळं एकदम येतं, सारख्याच जोराने. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो कान झाकतो, पाहिलंत ना? आपल्याला शिट्टी कळते, त्याला तिच्या आधीची वाफ कळते. म्हणून त्याला हाक मारली तर तो बघत नाही. बहिरा नाही तो. ती हाक त्या गर्दीत कुठेतरी असते."

"बरं."

"त्याला काही हवं असलं तर बोट दाखवत नाही. माझं मनगट धरतो आणि माझा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवतो. आपण म्हणतो, हट्टी आहे. त्याला काय हवं ते पक्कं ठाऊक असतं, मामंजी. ते दुसऱ्याला कळवायचं कसं, ती वाट त्याच्यात आपल्यासारखी आपोआप पडलेली नाही. ती पाडावी लागते. हाताला धरून, रोज."

"म्हणजे डोक्याचं आहे," भावजी म्हणाले.

"घडण निराळी आहे. जन्मापासून."

"औषध?"

"नाही."

"मग बरा कधी होणार?"

"हा ताप नाही, भावजी, उतरायला. तो असाच असेल. पण असाच म्हणजे आज आहे तेवढाच, असं नाही. शिकेल. त्याच्या रीतीने, त्याच्या वेळाने. पश्चिम मारेडपल्लीला अशाच मुलांच्या तीन आयांनी मिळून दोन खोल्यांत शाळा काढली आहे, अकरा मुलं आहेत. उद्यापासून या म्हणाल्यात. पहिले सहा महिने आईने सोबत बसायचं."

"आणि भाषेचं?" हिम्मतरावांनी विचारलं.

हाच प्रश्न येईल हे तिला ठाऊक होतं. रात्रभर तिने त्याची वाट पाहिली होती.

"भाषांचा काही संबंध नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, चार भाषांच्या घरात मुलं चारही शिकतात. याच्या न बोलण्याचं कारण ते नाही."

हिम्मतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एक डॉक्टर म्हणतो, संबंध आहे. एक म्हणते, नाही," ते सावकाश म्हणाले. "दोन वर्षं आपण पाळलं. पण पुरं पाळलं का? सुधीर म्हणतो ते खरं आहे. रस्ता आहे, टीव्ही आहे. अर्धवट पाळलेल्या पथ्याचा गुण येत नाही. पुण्याला दोन वर्षं कडक करू. नाही आला गुण, तर तुझी शाळा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट आर्जव होतं. वैशालीला त्यांचं मन स्वच्छ दिसलं. भाषांचा संबंध नाही हे मान्य केलं, तर व्हरांड्यातल्या त्या सगळ्या मुक्या संध्याकाळी फुकट गेल्या असं होणार होतं. त्यापेक्षा आणखी दोन वर्षं वाढवणं त्यांना सोपं होतं.

"वैशाली, दोनच वर्षं," अविनाश हळूच म्हणाला. "नाना इतकं म्हणतायत तर."

"आणि दिवाळीत उदगीरचे लोक इथे येणार आहेत," रंजनाजाऊबाई म्हणाल्या.

भावजींनी बायकोकडे डोळे मोठे करून पाहिलं. पण जाऊबाईंनी तोंडात मिठाची गुळणी फार वेळ धरली होती.

"काय बघता? बोलू द्या. प्रियदर्शिनीला बघायला येणार, घर बघणार, माणसं बघणार. हा असा फरशीवर पडलेला दिसला की विचारणार, घराण्यात आहे का हे. काय सांगू मी? ऑटिझम सांगू? त्यांना येडा एवढंच कळणार. वैशाली, तुझ्या बाळंतपणात चाळीस दिवस मी तुला माझ्या हाताने न्हाऊ घातलंय. या पोराला पहिलं मी उचललंय. मला तो नकोसा आहे, असं समजू नको. पण मला पोरगी उजवायची आहे."

तर असं होतं. वैशालीला रागाऐवजी मोकळंच वाटलं. तिकिटं दिवाळीआधीची का, हे आता कळलं.

"जाऊबाई, उदगीरच्या लोकांना मी सांगते. सगळ्यांसमोर, आत्ता सांगितलं तसं. प्रियदर्शिनीला त्यांनी नाकारलं तर तुम्ही मला दोष द्या. पण त्याला लपवायला मी गाडीत बसणार नाही."

"तुला सांगायला सोपं आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही सोपं."

ती उठली. खरं तर एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हिम्मतराव अजून तिकिटांच्या पाकिटाकडे बघत होते, आणि पाकीट तिथेच होतं. दोन वर्षं जे कोणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगितल्याशिवाय पाकीट तिथून हलणार नव्हतं.

"मामंजी, ओमकार बोलत होता."

"कोण?"

"ओमकार. एक शब्द. तुमचा नियम लागला त्या आठवड्यात. माठापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, नीळ्ळु."

तेलुगूतलं पाणी. यादम्मा त्याला कडेवर घेऊन माठापाशी जायची आणि भांडं भरताना दरवेळी तेच म्हणायची, नीळ्ळु, नीळ्ळु.

"मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. नियम मोडला म्हणून. मी भांडं भरलं, वर धरलं आणि म्हटलं, पाणी म्हण. तो म्हणाला, नीळ्ळु. मी म्हटलं, पाणी म्हण. पाऊण तास, मामंजी. तो भांड्याकडे बघून रडत होता आणि मी वर धरून उभी होते. शेवटी दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. सात दिवस केलं मी हे. आठव्या दिवशी तो माठापाशी आला आणि काहीच म्हणाला नाही. माझं मनगट धरून भांड्यावर नेलं. तेव्हापासून तो शब्द नाही. दुसराही नाही."

पंख्याचा आवाज आता सगळ्यांनाच ऐकू येत असावा.

"डॉक्टरबाई म्हणाल्या, या मुलांचे आलेले शब्द कधी कधी तसेही जातात. तो गेलाच असता, असंही असेल. कोणी सांगू शकत नाही. पण नियम तुमचा होता आणि भांडं माझ्या हातात होतं. आता पुन्हा मी ते धरणार नाही. पुण्यात नाही, इथेही नाही. तो ज्या भाषेत मागेल त्या भाषेत मी देईन. खुणेने मागेल तर खुणेने. उद्या सकाळी आठच्या बसने मी त्याला शाळेत नेणार आहे. तुम्ही हो म्हणालात तर बरं वाटेल. नाही म्हणालात तरी नेणार आहे."

सासऱ्यांसमोर इतकं सलग ती सात वर्षांत बोलली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" अविनाश म्हणाला.

"लाज वाटली."

आत्याबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. "मला ऐकू आलं होतं एकदा," त्या म्हणाल्या. "माठापाशी. मला वाटलं, भास झाला. मी पण बोलले नाही."

हिम्मतराव खुर्चीत पुढे वाकले. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले.

"गलती हमारीच है," ते म्हणाले.

दोन वर्षांत या घरात उर्दूचा आवाज झाला नव्हता. हिम्मतरावांनी या वेळी शब्द गिळला नाही की बदलला नाही.

"नाना, तुम्ही भलाच विचार केला होता," भावजी म्हणाले. "घाईने काही ठरवू नका. तिकिटं असू देत. गुरुवारला अजून चार दिवस आहेत."

तेव्हा अविनाश उठला. त्याने टीपॉयवरचं पाकीट उचललं आणि खिशात घातलं.

"मी स्टेशनवर जातो," तो भावाला म्हणाला. "रद्द करून येतो."

"अवि, पुन्हा विचार कर."

"दोन वर्षं तुम्हीच विचार करताय, दादा. मी नुसतं हो म्हणतोय." तो तिच्याकडे न बघता चपला घालून गेलासुद्धा. आपण काहीतरी धीराचं केलं, हे त्याला स्वतःलाच पेलवत नसावं.

जाऊबाईंनी पर्स उचलली. "मग दिवाळीला उदगीरचे लोक आमच्याकडे दिलसुखनगरलाच येतील," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "तुम्ही आणि नाना या. बाकीच्यांनी उगाच त्रास घेऊ नये."

"रंजना," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही, आई. तिला तिचं पोर, मला माझं."

चाळीस दिवसांचं न्हाणं वैशालीला आठवत होतं, तो ओव्याचा वास, पाठीवरचा तो जड, सवयीचा हात. ते तिने आज घालवलं होतं आणि ते परत कधी मिळेल, मिळेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी तिने सांगितलेलं एक अक्षर मागे घ्यावंसं तिला वाटलं नाही.

"सूनबाई, यादम्मा रविवारी घरी असते का?" हिम्मतरावांनी विचारलं. ते उभे राहिले होते, टोपी शोधत होते.

"असेल. पण आता ती चार घरांची कामं करते. परत येईल असं वाटत नाही, मामंजी. मी जाऊन बघते."

"तू नको. कंट्रोलमध्ये रुळावर वेगाचा निर्बंध घातला, तर ज्यानं घातला त्याच्याच सहीनं तो उठतो. दुसऱ्या कोणाला उठवता येत नाही. आली नाही तर नाही येऊ दे. मला सांगितलं तर पाहिजे तिला." टोपी सापडली. "ओमकारला घे. तिला बघू दे किती मोठा झालाय."

*

फाटकातून बाहेर पडल्यावर ओमकार नेहमीसारखा डावीकडे वळला. डावीकडे देऊळ, डावीकडे दूध केंद्र. सगळं जाणंयेणं त्या बाजूचं. यादम्माची वस्ती उजवीकडे होती. वैशालीने त्याला उजवीकडे वळवलं, तसा तो थांबला. अंग ताठ झालं. घशातून एक बारीक, सरळ आवाज येऊ लागला.

"उचलून घेऊ का?" हिम्मतराव वाकले. "एकदा कोपरा ओलांडला की विसरंल."

"उचलू नका, मामंजी."

"ऊन आहे."

"हो. थांबू या."

ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. त्याला हात लावला नाही, समजावलं नाही. उजवीकडे बोट केलं आणि तसंच धरून ठेवलं. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी डोकावलं. एरवी तिने मान खाली घातली असती. आज तिने वर पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा रस्त्याकडे वळली.

"किती वेळ?" हिम्मतरावांनी विचारलं.

"त्याला लागेल तेवढा."

हिम्मतरावांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग बाही खाली ओढून घड्याळ झाकलं आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

मागून भावजींची मारुती निघाली. गल्ली अरुंद होती, त्यामुळे ती अगदी सावकाश तिघांच्या शेजारून गेली. काच वर होती. आत जाऊबाई समोर बघत बसल्या होत्या. गाडी कोपऱ्यावर वळली, धूळ खाली बसली.

ओमकारचा आवाज थोडा उतरला होता. अजून तो हलला नव्हता. म्हातारा हलला नाही, तीही हलली नाही.